आजी गेली आणि मॉड्सचं फोल्डर उघडंच राहिलं

पत्र:

ताई, मी ३४ वर्षांची आहे आणि रोज रात्री सगळं उरकलं की तासभर द सिम्स ४ हा माणसांचा घरसंसार चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळते, कॉलेजपासूनचं वेड आहे, अजून गेलं नाहीये. गेम आवडतोच, पण काही बाबतीत फारच बाळबोध वाटतो. नवरा-बायको पांघरुणात शिरतात, दोन-चार हार्ट उडतात, झालं. दारूच्या जागी जूस. मारामारी म्हणजे नुसता धुळीचा ढग. म्हणून मी मोठ्यांसाठीचे दोन मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या, गेम बदलणाऱ्या फाइली, टाकले होते. परवा ११ वर्षांची भाची राहायला आली होती, मी फोनवर होते तेवढ्यात तिने माझा लॅपटॉप उघडून गेममधलं माझंच घर चालू केलं आणि नको ते बघितलं. बहिणीने मला नाही नाही ते ऐकवलं. तिचं म्हणणं, मुलं खेळतात त्या गेममध्ये असलं काही नकोच. माझं म्हणणं, कंपनीनेच हे सगळं आत दिलं असतं आणि सेटिंगमध्ये एक बटण ठेवलं असतं तर मला बाहेरून मॉड आणावेच लागले नसते. भाची त्या बाबतीत चकार शब्द बोलली नाही, त्या घरातली आजी तिच्यासमोर मेली त्यावर मात्र खूप रडली आणि 'ती परत येणार का' एवढंच विचारत राहिली. तर आमच्या दोघींत बरोबर कोण? आणि मला हे सगळं हवंसं वाटतं म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का?

– रात्री खेळणारी मावशी

उत्तर:

अगं, शेवटचं आधी. काही खोटबिट नाहीये. ३४ वर्षांच्या बाईला ३४ वर्षांच्या बाईचं आयुष्य गेममध्ये दिसावंसं वाटलं तर त्यात लाजायचं काय? मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि पहिला सिम्स आला तेव्हापासून, म्हणजे २००० पासून खेळतेय, स्विमिंग पूलची शिडी काढून माणसं बुडवण्याचं पाप माझ्याही नावावर आहे. तेव्हा माझ्यापुढे संकोच नको.

आता भांडण. तुझ्या बहिणीचं निम्मं बरोबर आहे आणि तुझं त्याहून थोडं कमी, राग मानू नकोस, सांगते का ते.

तुझं ते 'सेटिंगमध्ये बटण' ऐकायला एकदम सोपं वाटतं, मलाही कितीतरी वर्षं वाटायचं. पण बटण बंद असलं तरी त्याच्यामागचा माल गेममध्ये असतोच ना. २००५ मध्ये जीटीए सॅन अँड्रियास ह्या मारधाडीच्या गेमचं नेमकं हेच झालं होतं. बनवणाऱ्यांनी एक बेडरूमचं प्रकरण गेममध्ये घेतलं, मग नको म्हणून बंद केलं, पण डिस्कवर ते तसंच राहिलं, आणि कोणीतरी छोटासा मॉड करून ते उघडलं. हॉट कॉफी म्हणून ते गाजलं. अमेरिकेतल्या ईएसआरबीने, म्हणजे गेमना वयाचं रेटिंग देणाऱ्या संस्थेने, गेमचं रेटिंग एमवरून, म्हणजे १७ च्या पुढच्यांसाठीवरून, थेट 'अडल्ट्स ओन्ली'वर नेलं, मोठमोठ्या दुकानांनी डबे कपाटातून उतरवले, कंपनीला ते काढून टाकून गेम पुन्हा बाजारात आणावा लागला. त्यानंतर नियमच झाला की डिस्कवर जे जे आहे, अगदी कुलूपबंद असलं तरी, ते रेटिंग देणाऱ्यांना सांगायचं. म्हणजे तुझं बटण आलं की रेटिंग बटणाच्या आतल्या मालावर ठरणार, बटण चालू आहे का बंद ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आणि 'अडल्ट्स ओन्ली' गेम सोनी, मायक्रोसॉफ्ट, निंटेंडो आपल्या कन्सोलवर येऊच देत नाहीत. त्यामुळे जो गेम आत्ता १३ च्या पुढच्या सगळ्यांसाठी आहे तो कंपनी तुझ्या-माझ्यासाठी इतका अडचणीत घालेल असं मला तरी वाटत नाही, आणि खरं सांगू, घालू पण नये.

आणि हो, १३ म्हटलं ते अमेरिकेतलं, टी रेटिंग. युरोपात पेगी, म्हणजे तिथली रेटिंग देणारी संस्था, तिचं १२ आहे. जर्मनीत हाच गेम ६ वर्षांच्या मुलांनाही चालतो आणि रशियात २०१४ मध्ये ह्यालाच १८ प्लस दिलं, का, तर दोन बायका किंवा दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडू शकतात म्हणून. एकच गेम, तीच धूळ, तेच जूस. त्यामुळे बहीण जेव्हा म्हणते 'असलं काही' तेव्हा तिला आधी विचार, असलं म्हणजे कसलं? तिला बहुतेक उघडी शरीरं म्हणायची असतील. पण घटस्फोट? सावत्र बाप? दारू पिणारा काका? ह्यातलं काय मुलांना दाखवायचं नाही आणि काय दाखवलंच पाहिजे, ह्यावर तुम्हा दोघींचं बोलणं झालेलंच नसणार.

दुसरी अडचण मला जास्त खरी वाटते आणि ती फक्त ह्याच जातीच्या गेमची आहे. जीटीएच्या रस्त्यावर तुला लहान मूल कधी दिसलं? नाही दिसणार, मुद्दाम ठेवलेलंच नाही, कारण खेळणारा गाडी घेऊन काय करेल ते बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. पण आयुष्याच्या गेममधून मुलं काढता येत नाहीत, त्याच घरात रांगणारं बाळ आहे, शाळेतून आलेली मुलगी आहे, आजी आहे, आणि हे गेम असे असतात की आतलं काहीही कशालाही जाऊन भिडतं, एक नवी गोष्ट टाकली की ती आधीच्या पन्नास गोष्टींशी जुळवून बघावी लागते आणि कुठेतरी एक फट राहतेच. इनझॉय नावाचा सिम्ससारखाच गेम २०२५ च्या मार्चमध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विक्रीला, आला, दिसायला काय सुंदर, गाड्या खऱ्यासारख्या, आणि लोकांना पहिल्याच दिवसांत कळलं की त्या गाडीखाली मुलंपण येतात आणि मरतात. कंपनीने माफी मागितली, बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, होता म्हणाले, दुरुस्ती टाकली. सिम्स ४ मध्येच २०२२ च्या जुलैत एका अपडेटनंतर माणसांना आपल्याच घरातल्या नात्यातल्या माणसांबद्दल नको त्या इच्छा व्हायला लागल्या होत्या! तोही बगच, तोही नंतर दुरुस्त केला. आता विचार कर, गेममधलं ते प्रकरण, वूहू म्हणतात त्याला, पांघरुणाच्या आत आहे म्हणून ते हसण्यावारी गेलं. पांघरूण काढलेलं असतं तर?

म्हणून एका गोष्टीवर मी अजिबात वाद घालत नाही. मुलं आणि टीनएजर पात्रं असलेल्या गेममध्ये शरीराचं सगळं उघडं करायचं असेल तर त्या दोन गोष्टी एकमेकींना कधीच, कुठल्याही मॉडने, कुठल्याही बगने शिवणार नाहीत ह्याची खात्री पाहिजे, आणि अशी खात्री द्यायला मी अजून कोणाला बघितलेलं नाही.

बरं, ज्यांनी पांघरूण काढून बघितलं त्यांचं काय झालं? २००४ च्या आसपास सिंगल्स नावाचा एक जर्मन गेम आलेला, दोन रूममेट, एक फ्लॅट, सेन्सॉरचे चौकोन नाहीत, बाकी सगळं सिम्ससारखं. मी खेळलेय. पहिले दोन दिवस आपण उगाच खिदळतो, तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की ह्या दोघांना तेवढं एक सोडून काही येतच नाही, ना कोणी म्हातारं होतं ना कोणाला कोणाची आठवण येते. मी विकून टाकला.

आता तुझी बाजू, कारण तुझी तक्रार खरी आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंयस असं मला वाटतं. तुला गेम बाळबोध वाटतो तो पांघरुणामुळे का? माझ्या मते तो बाळबोध वाटतो कारण तो सगळं विसरतो. मी एकदा मुद्दाम बघत बसले होते. माझ्या घरातला नवरा मेला, बायकोच्या डोक्यावर दुःखाचा मूड आला, निळी चौकट, आणि त्या मूडवर काय होतं तर घड्याळ. किती तास उरलेत ते. गेमचे दोन दिवस. सिम्समध्ये गेमचं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे नवरा गेल्याचं दुःख आपल्या घड्याळात ४८ मिनिटं, तेही फास्ट फॉरवर्ड न करता. त्यातही ती छान सजवलेल्या खोलीत जाऊन बसली की बाजूला दुसरा आनंदी मूड येतो आणि बेरीज-वजाबाकी होऊन बाई हसायला लागते. मी पडदे बदलले आणि ती हसली! मला त्या क्षणी इतकं चमत्कारिक वाटलं, कुठल्याही उघड्या सीनने वाटलं नसतं इतकं.

गंमत अशी की सिम्स ४ च्या दहा वर्षं आधीच्या गेममध्ये हे बरं होतं. २००४ च्या सिम्स २ मध्ये प्रत्येकाला आठवणींची यादी असायची, पहिलं चुंबन, कोणी फसवलं, घरातलं कोण गेलं, सगळं त्यात साचत जायचं, माणूस म्हातारा होईपर्यंत. नवऱ्याला दुसरीबरोबर पकडलं तर बायको थोबाडीत द्यायची, रडायची, आणि कितीतरी दिवस फणफणत असायची, तू फुलं देऊन बघ नाहीतर पाय धर. त्यात एक इंचही कातडी दिसत नव्हती आणि रेटिंग तेव्हाही टीच होतं. सिम्स ४ मध्ये ह्याच्या जवळपासचं काहीतरी, मनात राहणाऱ्या भावना, २०२० मध्ये आलं, पण कशात तर बर्फातल्या सहलीच्या विकतच्या पॅकमध्ये, म्हणजे गेमला वरून जोडायच्या भागात. राग धरायचा असेल तर आधी स्कीइंगचं पॅक घ्या. आणि विकतच घ्यायचं म्हणतेस तर २०२४ चं लाईफ अँड डेथ हे पॅक बघ, त्यात अंत्यविधी आहे, मृत्युपत्र आहे, कोण कसा शोक करतो त्याचे प्रकार आहेत. मोठ्यांचं म्हणतेस ना, मला हे मोठ्यांचं वाटतं.

त्याहून चांगलं उदाहरण तुला स्टार्ड्यू व्हॅलीचं देते. खेळली आहेस का? २०१६ चा, एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून केलेला, पिक्सेलचा, गाजरं-कोबी लावायचा गेम, अमेरिकेत १० वर्षांच्या पुढच्यांसाठी. त्यात शेन म्हणून एक तुसडा माणूस आहे, तुला बघून तोंड फिरवतो, रोज संध्याकाळी बारमध्ये. तू त्याच्याशी ओळख वाढवत नेतेस आणि एका पावसाच्या दिवशी जंगलाच्या टोकाला जातेस तर हा कड्याच्या अगदी काठावर पडलाय, आजूबाजूला बिअरचे रिकामे कॅन, आणि तो विचारतो की आपण इथून खाली का लोटून द्यायचं नाही स्वतःला. गेम तुला चार-पाच उत्तरं देतो आणि थांबतो. मी त्या स्क्रीनवर किती वेळ बसले होते देव जाणे, कुठलं उत्तर निवडू, चुकलं तर. मग त्याला दवाखान्यात न्यायचं, नंतर तो स्वतः येऊन सांगतो की काउन्सेलरकडे जायचं ठरवलंय. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की त्याच्याशी लग्न केलं म्हणून तो चकाचक होत नाही, घरातल्या त्याच्या खोलीत पसारा असतोच. तिथेच केंट आहे, दुसऱ्या वर्षी युद्धावरून परत येतो, बायको प्रेमाने पॉपकॉर्न करायला जाते आणि त्या फटफट आवाजाने तो हादरतो. बस, एवढाच प्रसंग. मिनिटभराचा.

हे १० प्लस आहे बघ. आणि दुसऱ्या टोकाला २०१८ चा बिटलाईफ, मोबाईलवरचा, त्यात काय नाही, व्यसन, तुरुंग, लफडी, खून, सगळं आहे, पण सगळं एकेका ओळीत आणि एकेका टॅपमध्ये, त्यामुळे बापाच्या मरणाची ओळ आणि मांजर पाळल्याची ओळ सारख्याच अंगठ्याने वर सरकते. करमणूक म्हणून झकास आहे, मी ट्रेनमध्ये खेळते. पण विषय मोठ्यांचे टाकले म्हणून गेम मोठा होतोच असं नाही, इतकंच.

तर तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर. असल्या गेममध्ये मोठ्यांचं जास्त यावं का? यावं, भरपूर यावं. आजारपण यावं जे एका गोळीने जात नाही, नोकरी गेली की हप्ते थकावेत, मोडलेलं लग्न मुलांच्या वागण्यात वर्षभर दिसावं, दारूला दारू म्हणावं (जूस पिऊन झोकांड्या खाणारी माणसं बघून मला आता हसूसुद्धा येत नाही). ज्याला हे पेलत नाही त्याने बंद करावं, ह्याला मात्र बटण हवंच, कारण ज्या बाईने गेल्या महिन्यात बाळ गमावलंय तिला रात्रीच्या त्या एका तासात तेच परत नको असेल. आणि शरीराचं जे आहे ते मॉडमध्ये आहे तिथे असू दे. ते तुझं, तुझ्या लॅपटॉपवरचं, तू स्वतः शोधून आणलेलं, त्याची जबाबदारी पण तुझी. इथेच तुझी बहीण बरोबर आहे. परवा जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता गं, तुझा लॅपटॉप उघडा होता.

ते निस्तरायचं कसं ते सांगते, दहा मिनिटांचं काम आहे. विंडोजवर भाचीसाठी वेगळं यूजर अकाउंट कर आणि तुझ्या अकाउंटला पासवर्ड लाव. सिम्स ४ चे मॉड आणि सेव्ह दोन्ही डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये बसतात आणि प्रत्येक यूजरचं डॉक्युमेंट्स वेगळं असतं, त्यामुळे ती तिच्या अकाउंटवरून गेम उघडेल तेव्हा तुझे मॉड लोडच होणार नाहीत, तुझी घरंही दिसणार नाहीत. आणि तुझे मॉड कुठून घेतलेस ते एकदा तपास, २०२४ मध्ये काही मॉडच्या फाइलींतून व्हायरस पसरवल्याचं उघड झालं होतं, त्यामुळे ज्याने बनवलाय त्याच्याच पानावरून घ्यायचा, कोणी फॉरवर्ड केलेली झिप फाइल नको.

बहिणीला फोन कर. 'पण' न लावता सॉरी म्हण, कंपनीचं, बटणाचं काही काढू नकोस. भाचीशी त्या सीनबद्दल काय आणि किती बोलायचं ते तिच्या आईला ठरवू दे, तू आपण होऊन उकरू नकोस, पण तिने तुलाच विचारलं तर खोटं सांगू नकोस आणि आईलाही कळव की असं असं विचारलं.

आणि आता आजी. तू पत्रात एका वाक्यात उरकलंस, तुमच्या भांडणात ते कोणाच्या खिजगणतीतही नाही, पण मी पत्र वाचलं तेव्हापासून मला तेच आठवतंय. ११ वर्षांच्या मुलीने कोणाला तरी मरताना बघितलं, काळा झगा घालून गेममधला मृत्यू आला, घरातली बाकीची माणसं भोवती उभी राहून रडली, आणि ती पण रडली, आणि तिने जो प्रश्न विचारला त्याला कोणी उत्तर दिलेलं दिसत नाही. ती आली की तिच्या शेजारी बसून दे. गेममध्ये आजी परत येऊ शकते, अँब्रोसिया नावाचा पदार्थ असतो, तो करायला भारी कठीण, साहित्य गोळा करण्यात दिवस जातात, आणि तो आजीच्या भुताला खाऊ घातला तर ती परत जिवंत होते. पण होते ती म्हातारीच, म्हणजे काही दिवसांनी तो झगेवाला पुन्हा येणार. हे सगळं तिला सांग आणि आणायची का नाही ते तिला ठरवू दे, घाई करू नकोस. घराची सेव्ह फाइल रागाच्या भरात उडवली नसशील अशी आशा आहे. नसशील उडवली तर मॉड काढून एकदा स्वतः उघडून बघ, सगळं ठीक असेल तर ती फाइल कॉपी करून तिच्या अकाउंटच्या सेव्ह फोल्डरमध्ये टाक. आणि आजीचं थडगं कुठे हलवलं असशील तर आधी होतं तिथेच परत ठेव, तिला जागा आठवत असणार.